लोखंडी नांगर आणि कुंडलचा माळ



कोणत्याही गावात संध्याकाळी पारावर जाऊन बसा. पाऊसपाणी झाले, बाजारभाव झाला की बोलणे हमखास एका प्रश्नावर येते. पोरगे शिकले, आता नोकरी बघायची की काही धंदा काढायचा? आणि शाळेचे गुरुजी जवळ असले तर लोक त्यांच्याकडे वळून म्हणतात, "गुरुजी, तुम्ही चार बुकं वाचलीत, तुम्हीच सांगा."

गुरुजी मग एखाद्या मोठ्या उद्योगपतीची गोष्ट सांगतात. रिकाम्या हाताने घराबाहेर पडला, जिद्दीने झटला आणि कारखाना उभा केला. गोष्ट ऐकायला गोड असते. पण पोरगे घरी जाते तेव्हा त्याच्या हाती काय लागते? जिद्द तर त्याच्याजवळ असतेच. त्याला हवी असते ती माहिती. पैसा कोणी दिला, पहिले गिऱ्हाईक कुठून आले, माल खपला नाही तेव्हा घर कशावर चालले, हे त्याला कळत नाही. म्हणून आज आपण अशीच एक गोष्ट घेऊ, आपल्यापैकी पुष्कळांना वरवर ठाऊक असलेली. पण ती जमाखर्चाची वही उघडी ठेवून सांगू. गोष्ट आहे लक्ष्मणराव किर्लोस्करांची आणि त्यांच्या लोखंडी नांगराची.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर तेही याच गुर्लहोसूरचे, हे जाता जाता सांगून ठेवतो. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात ग्रंथ होते, विद्या होती, पण कारखानदारीचा गंधही नव्हता. मुलाचे लक्ष पाठांतरात लागेना; त्याला चित्रे काढायची आणि यंत्रे उघडून बघायची हौस. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठीशी उभे राहून त्याला १८८५ साली मुंबईला जे. जे. कलाशाळेत पाठवले.

तिथे एक विचित्र अडचण निघाली. काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नसत. चित्रकाराला रंगच कळेना म्हटल्यावर पुढे काय? त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. लागते ती नजर आणि माप. ही विद्या त्यांनी इतकी आत्मसात केली, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायची त्यांना नोकरी मिळाली. म्हणजे पाहा, ज्यांना आपण कारखानदार म्हणून ओळखतो ते आधी मास्तर होते. शिक्षक बंधुभगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे.

आता वहीचे पहिले पान उघडू. नोकरी चालू असतानाच, १८८८ साली, बेळगावात किर्लोस्करांचे सायकलचे दुकान निघाले. सायकल त्या काळी मोठ्या शहरातसुद्धा नवलाची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईत माल खरेदी करून पाठवायचा आणि बेळगावात रामूअण्णांनी तो विकायचा, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, अशी वाटणी. दुकान लहान, पण त्याच्या मागे महिन्याच्या महिन्याला येणारा एक पगार उभा होता. दुकान एखादा महिना रिकामे गेले तरी चूल पेटत होती. गोष्टी सांगणारे नेमके हेच वगळतात. बेळगावातल्या एका रस्त्याला पुढे किर्लोस्कर रोड हे नाव पडले, ते या कुटुंबामुळेच.

नोकरी सुटली ती एकोणिसावे शतक संपत आले असताना. बढतीची पाळी लक्ष्मणरावांची होती. ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. त्या काळी हे नित्याचेच होते आणि पुष्कळांनी मान खाली घालून ते सोसले. लक्ष्मणराव बेळगावला परत आले. पण ते आले तेव्हा दुकान काही वर्षांचे जुने झालेले होते आणि गावात ओळख होती. रागाच्या भरात राजीनामा देऊन मोकळ्या मैदानात उडी घेतली, असा हा प्रकार नव्हता.

सायकलींच्या जोडीला त्यांनी पहिली वस्तू घडवायला घेतली ती कडबा कापायची. आपल्या श्रोत्यांना कडब्याची नासाडी काय असते ते सांगायला नको. जनावर पाला खाते, बुडखे तुडवते. कुट्टी करून घातली तर तोच कडबा पुष्कळ दिवस पुरतो. सायकल ही साहेबाची आणि वकिलाची गरज होती. कुट्टी ही शेतकऱ्याची. माझ्या मते किर्लोस्करांच्या आयुष्यातले खरे वळण हेच. गिऱ्हाईक बदलले. शहरातल्या मूठभर हौशी मंडळींकडे पाहायचे सोडून ते लाखो खातेदारांकडे पाहू लागले.

मग आला नांगर. साल १९०३.

त्या वेळचा आपला नांगर बाभळीच्या लाकडाचा. गावच्या सुताराने घडवायचा, लोहाराने फाळ शेवटून द्यायचा, आणि मोबदला सुगीला खळ्यावर बलुत्याच्या रूपाने. हा नांगर जमीन फाडतो, पण उलथत नाही. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जमिनीत तशीच राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा डोके वर काढतात. लोखंडी नांगराला वळणदार पंख असतो. तो खालची माती वर आणि वरची खाली करतो. मुळे उन्हात तापतात आणि मरतात. कुंद्याने खाल्लेली काळी जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना या एका गोष्टीचे मोल कळेल.

विलायतेहून असे नांगर येत होते, पण ते महाग आणि परक्या मातीसाठी, परक्या जनावरांसाठी घडवलेले. लक्ष्मणरावांनी आपला नांगर तयार केला आणि शेतकऱ्यापुढे ठेवला. शेतकरी म्हणाला, नको. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत होती. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली.

ही विषाची गोष्ट सांगताना शहरातले वक्ते हसतात आणि श्रोत्यांनाही हसवतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याचा हिशेब आपण मांडून पाहू. लाकडी नांगराला रोख पैसा लागत नव्हता, लोखंडी नांगराला लागत होता. आणि रोख पैसा म्हणजे सावकार. लाकडी नांगर मोडला तर सुतार वेशीच्या आत. लोखंडी मोडला तर बेळगावची वाट. लाकडी नांगराला एक जोडी पुरे. खोल जाणाऱ्या लोखंडी नांगराला भारी रानात दोन-दोन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढी बैले कोणाच्या दावणीला होती? शिवाय सुताराशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. त्याचे काम काढून घेतले तर उद्या तिफण, कुळव, गाडी कोण नीट करणार? हे सगळे चारचौघांत बोलून दाखवणे कठीण. "विष लागतं" म्हणणे सोपे. नव्या वस्तूला नको म्हणणाऱ्या माणसाचे खरे कारण पुष्कळदा त्याच्या सांगितलेल्या कारणाच्या मागे दडलेले असते. धंदा करणाऱ्याने ते शोधायचे असते.

ती कारणे वादाने दूर होण्यासारखी नव्हती. नांगर शेतात चालवून दाखवावा लागला. तो मोडल्यावर सुटा भाग मिळेल याची खात्री द्यावी लागली. बैलांचा प्रश्न तर शेतकऱ्यांनी आपला आपणच सोडवला. इर्जिक आणि सावड या जुन्या रीती होत्याच. आज चौघांच्या जोड्या मिळून माझे रान नांगरायचे, उद्या तुझे. जुन्या चालीवर नवे अवजार बसले.

इथे थोडे कारखान्याच्या आत डोकावू, कारण शाळेतल्या मुलांना हा भाग आवडतो. नांगराचे भाग ओतीव असतात. आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा. तो ओलसर वाळूत दाबून साचा उठवायचा. नमुना अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत भट्टीतले लोखंडाचे पाणी ओतायचे. निवल्यावर वाळू झटकायची, कानस मारायची. आता बघा, यात पहिला कारागीर कोण? नमुना करणारा सुतार! ओतकामात लाकडी नमुना चुकला तर पुढचे सगळे चुकते. लोखंडी नांगराने गावच्या सुताराचे काम हिरावले यात शंका नाही, ते झाकून ठेवायचे कारण नाही. पण ज्या हातांना माप आणि लाकूड कळत होते त्या हातांना कारखान्यात किंमत आली. एका नमुन्यावरून शेकडो भाग एकसारखे निघतात, म्हणून एका नांगराचा फाळ दुसऱ्याला बसतो. सुटे भाग विकण्याचा सगळा धंदा या एकसारखेपणावर उभा आहे.

गाडी कुठे रुळावर येते आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेचा हुकूम आला. कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी, ती रिकामी करा. हाती तयार माल, उसनवारीची यंत्रे, आणि डोक्यावरचे छप्पर जाणार. असा प्रसंग लहान कारखानदारावर आजही येतो.

या वेळी लक्ष्मणरावांच्या हाती औंध संस्थानातले बांधकामाचे एक काम होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कैवारी आणि कामाची पारख असलेले गृहस्थ. त्यांना अडचण कळली तेव्हा त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज, तेही बिनव्याजी.

या ओळीखाली रेघ मारून ठेवा. दहा हजार रुपये, बिनव्याजी, १९१० साली. त्या काळी शेतकऱ्याला सावकार काय व्याज लावी ते आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. हेच भांडवल लक्ष्मणरावांनी सावकाराकडून काढले असते तर नांगराची किंमत काय झाली असती आणि तो कोणी घेतला असता? म्हणून ज्याने "रिकाम्या हातांनी सुरुवात केली" असे आपण म्हणतो, त्याच्या हातात कोणीतरी काहीतरी ठेवलेले असते. इथे एका भावाने ठेवले आणि एका राजाने ठेवले. त्याने लक्ष्मणरावांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. दहा हजार दुसऱ्या कोणाला मिळाले असते तर त्यांचा वाडाही झाला असता.

जागा कशी होती? निवडुंगाचे रान, सापकिरडू, पाण्याची ओढ. पण स्टेशन शेजारी! पुणे-मिरज लोहमार्ग दारावरून जात होता. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा, तयार नांगर पाठवायचे. वजनाचा धंदा आहे हा. बैलगाडीने नांगर दूरदेशी पाठवायचे म्हटले तर भाडेच मालाइतके झाले असते. सुपीक जमिनीपेक्षा स्टेशनाजवळचा माळ कारखान्याला बरा, ही दृष्टी इथे दिसते.

बेळगावहून माणसे आली, यंत्रे आली, आधी झोपड्या पडल्या, मग छपरे उभी राहिली. पहाऱ्यासाठी संस्थानच्या तुरुंगातून सुटलेली माणसे घेतली आणि त्यांनी विश्वास राखला. वस्तीत शिवाशिव पाळायची नाही असा दंडक घातला. शाळा निघाली. रामूअण्णा, शंकरराव, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे असे सहकारी हिशेब, वस्ती, पत्रव्यवहार, यंत्रकाम वाटून घेत. एकटा माणूस कारखाना चालवत नाही, आणि जो तसे मानतो त्याचा कारखाना त्याच्याबरोबरच संपतो.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. बाहेरचा माल थांबला. विलायती नांगर येईनासे झाले ही पर्वणी. पण लोखंड, कोळसा, रंग हेही मिळेनासे झाले हा घाला. एका हाताने बाजार मिळाला आणि दुसऱ्या हाताने कच्चा माल गेला. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळशावर काम भागवले. मोडीचे लोखंड गोळा केले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्याकडच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, ही हकीकत आपल्या भागात आवडीने सांगतात.

याच औंध संस्थानात १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात लटकत असे त्यांना ओगलेवाडी हे नाव नव्याने सांगायला नको. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनीही पुढे लोखंडी नांगर काढले. म्हणजे किर्लोस्करांना स्पर्धा घरच्याच अंगणात आली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.

आता एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नांगर चांगला असेल तर तो वर्षानुवर्षे टिकतो. ज्याने एक घेतला तो दुसरा कशाला घेईल? फाळ झिजतो, तेवढाच विकला जातो. शिवाय नांगराची मागणी सुगी झाल्यापासून पावसाळ्यापर्यंत. आभाळ भरून आले की कोणी नांगर विकत घ्यायला येत नाही. पण कामगाराला पगार बारा महिने द्यायचा असतो. म्हणून उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे आली, पाण्याचे पंप आले. चरकाची गरज गुऱ्हाळाच्या हंगामात, कुट्टीची कडबा घरात आल्यावर, पंपाची उन्हाळ्यात. एकेका हंगामाची उणीव दुसऱ्या वस्तूने भरून निघे. आमच्या बायाबापड्या घरात तूर, ज्वारी, शेळी, कोंबडी असे चार ठिकाणी मन ठेवून संसार ओढतात, त्यातला हाच हिशेब. १९२६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून आले.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंची रीतसर कंपनी झाली, आणि त्याच वर्षी एक छापील पत्रिका निघाली, 'किर्लोस्कर खबर'. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांची ही कामगिरी. कारखान्यात काय नवे झाले, कोणते यंत्र निघाले, ते कसे वापरावे, ही खबर गिऱ्हाइकांपर्यंत न्यायची एवढाच मूळ हेतू. आज आपण सकाळी वर्तमानपत्रात धंद्याचे पान उघडतो, मोबाइलवर बाजारभाव बघतो. त्या काळी खेड्यातल्या माणसाला उद्योगाची बातमी अशी मिळतच नसे. मालाबरोबर बातमीही पोचवावी लागते हे शंकररावांनी ओळखले. लोकांना ती वाचायची गोडी लागली, मजकूर वाढला, १९२९ साली नुसते 'किर्लोस्कर' असे नाव झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली. नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेले पत्रक मराठी घरांत नव्या विचारांचे मासिक होऊन बसले. असे काही घडेल हे नांगर ओतणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९४१ साली हरिहरला यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा कारखाना आणि १९४६ साली पुण्याला तेलाच्या इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटारींचा. विहिरीवरची मोट जाऊन इंजिनाची टकटक सुरू झाली ती ज्यांनी ऐकली असेल, त्यांच्या कानांना हे नाव ओळखीचे आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता पारावरच्या त्या पोराकडे वळू. त्याला आपण काय सांगणार? नोकरी सोड, असे या गोष्टीत कुठे नाही. नोकरी सांभाळून दुकान वर्षानुवर्षे चालवले, असे आहे. कर्ज काढू नको, असेही नाही. पण कर्ज कोणत्या व्याजाने निघाले ते मात्र आहे. शहर गाठ, असेही नाही. उलट शहरातून माळावर आले, पण स्टेशन बघून. आणि पहिली दोन वर्षे माल खपला नाही तर काय खायचे, याचे उत्तर घरात कोणाजवळ तरी असावे लागते. ते ज्याच्या घरात नाही त्याला जिद्दीचे धडे देणे सोपे, पण ते न्यायाचे नाही. अशा घरच्या मुलासाठी सोसायटी, बँक, तांत्रिक शाळा ही दारे गावाने उघडी करून द्यायची असतात. राजे गेले, त्यांचे ते काम आता आपल्या संस्थांकडे आले आहे. ते त्या कशा करतात, हे ज्याचे त्याने आपापल्या गावात पाहावे.

शिक्षकांना एक सुचवतो. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला शाळेची सहल न्यावी. कुंडल रोड स्टेशनलाही आता तेच नाव आहे. तेवढे लांब जमले नाही तर गावातच एक दुपार मुलांना घेऊन हिंडा. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांचे लोखंडी नांगर गोठ्याच्या आढ्याला किंवा परसात गंजत पडलेले असतात. मुलांना एक शोधायला लावा, त्याच्यावर कारखान्याची ओतीव अक्षरे दिसतात का ते बघायला सांगा. मग त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा नांगर कधी घेतला, पैसा कुठून आणला, आणि किती जोड्या जुंपत होता. जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या. आपल्या तालुक्याचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नसेल तर त्याचे पहिले पान तिथेच मिळेल.